पहिल्या आठवड्याचा वॉकर, दुसऱ्या आठवड्याचा हचिन्सन: आमच्या फँटसी लीगमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

डेट्रॉइटच्या पश्चिमेला नोव्हाय, कँटन, प्लिमथ या पट्ट्यात मराठी घरं बरीच आहेत. नोकऱ्या बहुतेकांच्या मोटारींच्या धंद्यात. क्रिकेट आम्ही येताना बरोबर आणलं, पण इथे जन्मलेल्या मुलांचा खेळ अमेरिकन फुटबॉल झाला आणि त्यांच्यामागोमाग आम्हीही त्यात ओढले गेलो. त्यातून २०१७ मध्ये आमची दहा घरांची फँटसी लीग सुरू झाली. पैसे लावत नाही. शेवटचा नंबर ज्याचा येतो, तो संक्रांतीला सगळ्यांना जेवायला घालतो.

प्रत्येक घराने एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधले खरे खेळाडू निवडून आपला कागदी संघ करायचा आणि त्या खेळाडूंनी रविवारी मैदानात जे केलं त्याचे गुण आपल्या खात्यात मोजायचे, असा हा खेळ. बहुतेक लीगमध्ये एखाद्या संघाचा अख्खा बचाव एकच खेळाडू धरतात. आमच्यात बचावपटूही एकेक करून घ्यावा लागतो. चेंडू हातातून सुटायच्या आत क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, आडवं केलं, म्हणजे सॅक, तर ४ गुण. त्याने फेकलेला चेंडू मध्येच झेलला, म्हणजे इंटरसेप्शन, तर ५. साध्या टॅकलला, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडण्याला, १. शिवाय दर वर्षी तीन खेळाडू पुढच्या मोसमासाठी राखून ठेवता येतात. या शेवटच्या नियमामुळे आमच्याकडे नवख्या खेळाडूंना फार मोल असतं, कारण चांगला नवखा सापडला की तो पुढची चार वर्षं आपला.

लीगच्या नोंदी मी ठेवतो आणि तंटे मीच मिटवतो, त्यामुळे हे प्रकरण सुरुवातीपासून माझ्यासमोर घडलं. यातल्या घरांची नावं आणि ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. खेळाडू आणि त्यांचे आकडे खरे आहेत.

एनएफएलच्या २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिले पाचही खेळाडू बचावाचे निघाले. असं याआधी १९९१ मध्ये झालं होतं. पहिला ट्रॅव्हॉन वॉकर, जॉर्जिया विद्यापीठाचा, जॅक्सनव्हिल जॅग्वार्सकडे गेला. दुसरा एडन हचिन्सन, मिशिगनचा, आमच्या डेट्रॉइट लायन्सकडे आला. तिसरा कॉर्नरबॅक, म्हणजे चेंडू झेलणाऱ्यांना अडवणारा, डेरेक स्टिंगली ज्युनियर ह्यूस्टनला, चौथा कॉर्नरबॅक सॉस गार्डनर न्यू यॉर्क जेट्सला आणि पाचवा केव्हॉन थिबोडो न्यू यॉर्क जायंट्सला. हचिन्सन प्लिमथचा, म्हणजे आमच्याच बाजूचा पोरगा. त्याने २०२१ च्या कॉलेज मोसमात १४ सॅक केले होते आणि कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन ट्रॉफीच्या मतदानात तो दुसरा आला होता. वॉकरच्या नावावर कॉलेजच्या सगळ्या वर्षांत मिळून ९.५ सॅक होते (दोघांनी मिळून पाडलं तर अर्धा-अर्धा). पण २७२ पौंडांचा हा गडी ४० यार्ड ४.५१ सेकंदांत पळाला आणि ते पाहून भल्याभल्यांचे डोळे विस्फारले.

हा ९.५ चा आकडा पुढे पुन्हा येणार आहे. मी तो तेव्हा वाचला होता आणि विसरलो होतो.

आमच्या लीगमध्ये वॉकर एका बाप-लेकाच्या संघाकडे गेला. वडील माझे जुने मित्र, मूळचे सांगलीकडचे. मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा, शाळेच्या ज्युनियर संघात एजवर, म्हणजे बचावाच्या फळीच्या टोकाला खेळणारा. हचिन्सन घेतला दुसऱ्या एका मित्राने, ज्याला मी इथे ‘समोरचा संघ’ म्हणेन. भला माणूस, पण वाट बघणं त्याच्या स्वभावात नाही.

अडचण

११ सप्टेंबर २०२२, मोसमाचा पहिला रविवार. जॅग्वार्स वॉशिंग्टनकडून २८-२२ असे हरले, पण वॉकरने पहिल्याच सामन्यात एक सॅक आणि एक इंटरसेप्शन केलं. दोन्ही वेळा समोर वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ. त्याच दिवशी लायन्स ईगल्सकडून ३८-३५ असे हरले आणि हचिन्सनच्या नावावर सॅकच्या रकान्यात शून्य.

मंगळवारी समोरच्या संघाने प्रस्ताव पाठवला: हचिन्सन घ्या, वॉकर द्या. वर काही नको.

मुलाला तो सौदा हवा होता. हचिन्सन आपल्या गावचा, आपण त्याला मिशिगनकडून खेळताना पाहिलंय, हे त्याचं कारण. वडील म्हणाले, “अरे, याने पहिल्याच मॅचला दोन विकेट काढल्यासारखं केलंय, त्याला देऊन ज्याने काहीच केलं नाही तो घ्यायचा?” प्रस्ताव नाकारला गेला.

१८ सप्टेंबरला लायन्सच्या मैदानावर पाहुणा संघ वॉशिंग्टनचाच होता आणि क्वार्टरबॅक तोच कार्सन वेंट्झ. हचिन्सनने पूर्वार्धातच तीन सॅक केले. मध्यंतराला लायन्स २२-० ने पुढे होते आणि शेवटी ३६-२७ ने जिंकले.

सोमवारी रात्री वडिलांचा फोन आला. मुलगा घरी बोलत नव्हता. समोरच्या संघाने आता भाव वाढवला होता: हचिन्सन हवा असेल तर वॉकर आणि वर एक चांगला रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा. वडिलांचा प्रश्न सरळ होता. “तू आकडे ठेवतोस ना? मग तूच सांग, दोघांतला चांगला कोण?”

तो प्रश्न मी जसाच्या तसा घेतला, ही माझी पहिली चूक. ‘आजवर कुणी जास्त केलं’ हा एक प्रश्न आहे आणि ‘पुढे कोण जास्त करेल’ हा वेगळा. पहिल्याचं उत्तर तक्त्यात असतं. दुसऱ्याचं तक्त्यात नसतं, आणि राखून ठेवायच्या लीगमध्ये दुसराच महत्त्वाचा.

तुलना करताना काय हाती लागलं

बुधवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. तळघरात दोन्ही सामन्यांची रेकॉर्डिंग लावली, मुलगा वही घेऊन जमिनीवर बसला. स्कोअर सोडून द्यायचा आणि फक्त दोघांकडे बघायचं असं ठरवलं: वॉशिंग्टनविरुद्धचा वॉकर आणि वॉशिंग्टनविरुद्धचा हचिन्सन. समोर तोच संघ, तोच क्वार्टरबॅक, मध्ये सात दिवस. नवख्यांची तुलना करायला इतकी सोयीची जोडी क्वचित मिळते.

सोयीची वाटली तरी ती सरळ नव्हती. पहिल्या आठवड्यात वॉशिंग्टन बराच काळ पुढे किंवा बरोबरीच्या आसपास होतं, त्यामुळे धावणं आणि फेकणं दोन्ही त्यांना परवडत होतं. दुसऱ्या आठवड्यात मध्यंतराआधीच २२ गुणांनी मागे पडलेल्या संघाला फेकत राहण्याखेरीज गत्यंतर नव्हतं. समोरचा फेकणारच आहे हे माहीत असलं की एज रशर, म्हणजे टोकावरून धावून जाणारा बचावपटू, कान टवकारून फक्त क्वार्टरबॅककडे पळतो. धाव येईल की काय याचा विचार करावा लागत असेल तर अर्धा क्षण थांबावं लागतं, आणि सॅक त्या अर्ध्या क्षणातच होतो किंवा हुकतो.

मुलाने त्या रात्री जे सांगितलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. वॉकर एका खेळीत क्वार्टरबॅककडे गेलाच नाही. टोकाला उभा राहिला, समोरच्या ब्लॉकरला, म्हणजे वाट अडवणाऱ्याला, दोन्ही हातांनी धरून तिथेच रोवून ठेवला आणि धावणारा आत वळला, तिथे दुसऱ्याच कुणीतरी त्याला पाडलं. मी म्हटलं, “यात याने काय केलं?” मुलगा उठला, तळघराच्या खांबाला खांदा लावून उभा राहिला आणि म्हणाला, “काका, हेच तर करायचं असतं. बाहेरून कुणाला जाऊ द्यायचं नाही. आमचा कोच मला रोज हेच सांगतो. मी बरोबर केलं की टॅकल दुसऱ्याच्या नावावर लागतो.”

क्रिकेटमध्ये एका टोकाला बुमराह टिच्चून टाकत असतो आणि विकेट दुसऱ्या टोकाला पडते, तसंच हे. आम्हा बापमाणसांना क्रिकेटमधलं ते कळतं, पण नव्या खेळात आलो की आम्ही फक्त स्कोअरकार्ड वाचतो.

मग कामाचा प्रश्न आला. जॉर्जियात वॉकर बऱ्याचदा फळीच्या आतल्या बाजूला खेळायचा. जॅक्सनव्हिलने त्याला बाहेर, उभ्याने खेळणारा आउटसाइड लाइनबॅकर केलं. म्हणजे तो एनएफएलचा वेग आणि नवी जागा, दोन्ही एकदम शिकत होता. हचिन्सन कॉलेजमध्ये टोकालाच खेळत होता आणि इथेही टोकालाच होता. एकाच ड्राफ्टमधले, एकाच पदाचे म्हणून आपण या दोघांना शेजारी मांडतो, पण दोघं एकाच इयत्तेत बसलेले नव्हते.

सॅक हा आकडा किती दुर्मीळ आहे तेही लक्षात घ्यायला हवं. एक चांगला एज रशर पास रोखायला शंभर वेळा धावून गेला तर दोन-तीन वेळा सॅक होतो. दोन सामन्यांत अशा धावा साठेक होतात. साठ धावांत एक सॅक आणि साठ धावांत तीन सॅक, यातला फरक कौशल्याचा असू शकतो किंवा समोरच्या एका ब्लॉकरचा पाय घसरल्याचा. त्याच आठवड्याच्या शेवटी, २५ सप्टेंबरला, ईगल्सने वेंट्झला नऊ वेळा सॅक केलं. तेव्हा कळलं की आमच्या दोन्ही नवख्यांची पहिली मोठी कमाई अशा क्वार्टरबॅकसमोर झाली होती, ज्याला त्या महिन्यात पाडणं बऱ्याच जणांना जमत होतं.

टॅकलच्या आकड्याबद्दलही एक गोष्ट सांगतो, कारण आमच्या लीगमध्ये तो फार भाव खातो. टॅकल कुणाचा, अर्धा कुणाचा, हे त्या मैदानावर बसलेले नोंदणीकार ठरवतात आणि सगळीकडे हात सारखा सैल नसतो. दोन शहरांतल्या दोन नवख्यांची टॅकलवरून तुलना करताना मी तेव्हापासून जपून असतो.

पर्याय

त्या रात्री चार गोष्टी समोर होत्या. वॉकर आणि रिसीव्हर देऊन हचिन्सन घ्यायचा. किंवा काहीच करायचं नाही. किंवा एज रशरचा नाद सोडून वॉकरच्या बदल्यात गार्डनरसारखा कॉर्नरबॅक मागायचा. किंवा वाट बघायची आणि ठरावीक आठवड्यांनंतर पुन्हा बसायचं.

कॉर्नरबॅकचा पर्याय लवकर बाद झाला आणि त्याचं कारण आमच्याच नियमांत होतं. ज्या कॉर्नरबॅकच्या बाजूला क्वार्टरबॅक चेंडू फेकायलाच धजत नाही, त्याला आमच्या लीगमध्ये शून्य मिळतं. गार्डनरने त्या मोसमात फक्त २ इंटरसेप्शन केली. सिअ‍ॅटलचा टारिक वूलन, पाचव्या फेरीत १५३ व्या क्रमांकावर निवडलेला नवखा, त्याने ६ केली आणि तो एनएफएलमध्ये संयुक्त पहिला राहिला. तरी सर्वोत्तम नवखा बचावपटू गार्डनर ठरला आणि ऑल-प्रोच्या, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघातही गेला. १९८१ च्या रॉनी लॉटनंतर कुठल्याच नवख्या कॉर्नरबॅकला तो मान मिळाला नव्हता. पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, त्याच्या नावावर एकही इंटरसेप्शन नव्हतं आणि तो पुन्हा ऑल-प्रो होता. आमच्या गुणपद्धतीला तो वर्षभर आळशी दिसला असता.

पहिल्या पर्यायाकडे वडिलांचा ओढा होता आणि मुलाचं तर मन आधीच तिकडे होतं. मी वाट बघा म्हणालो. आठ सामने होऊ द्या, तोवर दोघांच्या कितीतरी धावा बघायला मिळतील, प्रतिस्पर्धी बदलतील, मग ठरवू. त्यांनी ऐकलं.

काय केलं

मुलाने वहीत दोन पानं केली. दर रविवारी तो दोघांच्या सामन्यांतल्या पासच्या खेळी बघायचा आणि तीन खुणा करायचा: ब्लॉकरला हरवलं, क्वार्टरबॅकपर्यंत पोचला, पाडला. शाळा, सराव आणि गृहपाठ सांभाळून पंधरा वर्षांच्या मुलाने हे नेमाने केलं, याचं मला तेव्हाही कौतुक होतं आणि आजही आहे. दबाव मोजायला मोठ्या संस्था माणसं बसवतात, खेळाडूंच्या खांद्यांच्या पॅडमध्ये बसवलेल्या चिपमधून एनएफएल सेकंदासेकंदाची माहिती काढते. आमच्याकडे एक वही आणि एक मुलगा होता, आणि तेवढ्यावरही कामचलाऊ उत्तर मिळत होतं.

तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या आठवड्यात हचिन्सनला एकही सॅक मिळाला नाही. पाचव्या आठवड्यात लायन्स न्यू इंग्लंडकडून २९-० असे हरले आणि मग त्यांचा सुट्टीचा आठवडा आला, तेव्हा त्यांच्या खात्यात एकच विजय होता. वॉकरचंही बरं चाललेलं नव्हतं. ह्यूस्टनविरुद्ध १३-६ असा हरलेल्या सामन्यात, तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जायला चार डाउन, म्हणजे प्रयत्न, मिळतात) ह्यूस्टनला लांबचं अंतर हवं असताना, क्वार्टरबॅकला विनाकारण दांडगाईने पाडल्याबद्दल त्याच्यावर पेनल्टी लागली आणि त्यांना फुकटात नवे चार डाउन मिळाले. ज्या चुकीने संघाचा घात होतो, तिला आमच्या तक्त्यात रकानाच नव्हता.

त्या सुट्टीच्या आठवड्यात समोरच्या संघाचा धीर पुन्हा सुटला. मंगळवारी प्रस्ताव आला: हचिन्सन घ्या, वॉकर द्या, रिसीव्हर नको.

या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय इथे होता आणि तो घेताना माझ्याच शब्दांनी वाट अडवली. मुलाच्या वहीत हचिन्सनच्या पानावर त्या तीन कोरड्या सामन्यांतही ‘ब्लॉकरला हरवलं’च्या खुणा पडत होत्या. वॉकरच्या पानावर तशा कमी होत्या. म्हणजे जी माहिती मिळवण्यासाठी आम्ही थांबलो होतो, ती आली होती. पण मी आठ सामने म्हणालो होतो आणि पाचच झाले होते. वडिलांनी मला फोन करून विचारलं. मी म्हणालो, “ठरलंय तसं करू, घाई नको.” मुलगा मागून काहीतरी म्हणाला, ते मला नीट ऐकू आलं नाही आणि मी पुन्हा विचारलंही नाही.

२३ ऑक्टोबरला डॅलसविरुद्ध हचिन्सनने दीड सॅक केला. ६ नोव्हेंबरला ग्रीन बेचा क्वार्टरबॅक अ‍ॅरन रॉजर्स गोलरेषेजवळ आपल्याच ब्लॉकरकडे, डेव्हिड बाख्तियारीकडे, चेंडू फेकायला गेला आणि तो एंड झोनमध्ये, म्हणजे गोलरेषेपलीकडच्या पट्ट्यात, हचिन्सनने झेलला. लायन्स १५-९ ने जिंकले. आठ सामने पूर्ण झाले तोवर प्रस्ताव मागे घेतला गेला होता, आणि पुन्हा आला नाही.

निकाल

हचिन्सनने मोसम ९.५ सॅक आणि ३ इंटरसेप्शनवर संपवला. १-६ अशा सुरुवातीनंतर लायन्स ९-८ वर आले. वॉकरचे १५ सामन्यांत ३.५ सॅक झाले. बाप-लेकाचा संघ आमच्यात सातवा आला, म्हणजे संक्रांतीचं जेवण त्यांच्यावर आलं नाही एवढंच.

हे प्रकरण इथे संपलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये राखून ठेवायचे तीन खेळाडू जाहीर करायचे होते. दोन जागा ठरलेल्या होत्या. तिसऱ्या जागेसाठी वॉकर किंवा एक अनुभवी लाइनबॅकर, जो दर आठवड्याला आठ-नऊ टॅकल करून बिनबोभाट गुण देत होता. वडिलांनी पुन्हा मला विचारलं. मी तक्ता उघडला: १५ सामने, ३.५. हे आता दोन सामन्यांचं गणित नव्हतं, आख्खा मोसम होता, त्यामुळे मला खात्री वाटली. मी लाइनबॅकर सांगितला.

मुलाने या वेळी मोठ्याने विरोध केला. त्याचं म्हणणं असं की वहीत शेवटच्या पाच-सहा सामन्यांत वॉकरच्या खुणा वाढत गेल्या होत्या आणि तो नवी जागा शिकत होता. “काका, तो पहिल्या वर्षी चांगला खेळेल असं कुणी म्हटलंच नव्हतं.” मी त्याला समजावलं की आपण वहीतल्या आपल्याच खुणांच्या प्रेमात पडतो. वॉकरला सोडलं गेलं. आमच्या लीगच्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्याच एका घराने त्याला उचललं.

२०२३ मध्ये वॉकरने १० सॅक केले, २०२४ मध्ये १०.५. हचिन्सनचे २०२३ मध्ये ११.५ झाले. पहिल्या वर्षी दोघांत सहा सॅकचं अंतर होतं, दुसऱ्या वर्षी दीडचं. हचिन्सन पुढे होताच, पण मुलाने जे पाहिलं होतं ते खरं निघालं. त्याच पाचांतला थिबोडो पहिल्या वर्षी गुडघ्याच्या दुखापतीने पहिले दोन सामने मुकला होता आणि मोसमभरात ४ सॅकवर राहिला होता, त्याने दुसऱ्या वर्षी ११.५ केले. स्टिंगलीने पहिल्या वर्षी ९ सामन्यांत एक इंटरसेप्शन केलं होतं. २०२३ मध्ये ५ केली आणि २०२४ मध्ये तो ऑल-प्रोच्या पहिल्या संघात होता.

समोरच्या संघाचंही सांगायला हवं. २०२४ मध्ये हचिन्सनने पहिल्या पाच सामन्यांत ७.५ सॅक केले आणि १३ ऑक्टोबरला डॅलसमध्ये त्याचा पाय मोडला. त्या संध्याकाळी आमच्या लीगच्या ग्रुपवर कुणीही गुणांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या सप्टेंबरात आम्ही एका सामन्यावरून वॉकरला मोठा केला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये १५ सामन्यांवरून त्याला मोडीत काढला. सामने वाढले म्हणून मला वाटलं चूक टळली. चूक तीच होती: दोन्ही वेळा मी झालेल्या बेरजेकडे बघितलं आणि खेळाडू कुठून निघाला होता ते विसरलो. कॉलेजात एकाच मोसमात १४ सॅक करून आलेला आणि सगळ्या कॉलेजात मिळून ९.५ करून आलेला, यांचं पहिलं वर्ष सारखं असेल ही अपेक्षाच चुकीची. जॅक्सनव्हिलने त्याचा देह, वेग आणि पुढची वाढ पाहून पहिला क्रमांक खर्च केला होता. त्यांच्या हिशोबात सावकाश सुरुवात बसत होती, माझ्या हिशोबात बसली नाही.

वाट बघायला सांगितलं याचा मला पस्तावा नाही. आकडा आधी ठरवला आणि कारण नंतर विसरलो, याचा आहे. ‘आठ सामने’ ऐवजी ‘चार वेगळे प्रतिस्पर्धी आणि दोघांच्या दोनशेच्या आसपास धावा’ असं म्हटलं असतं, तर सुट्टीच्या आठवड्यातच निर्णय झाला असता. वाट बघण्यालाही किंमत पडते. बाजारात समोरचा माणूस आपल्यासाठी थांबत नाही.

आणि मुलाला विचारायला हवं होतं. तो त्या जागेवर खेळत होता. आमच्यात एजवर उभं राहिलेला, खांद्यावर ब्लॉकर झेललेला तो एकटाच होता, आणि दोन्ही निर्णयांच्या वेळी त्याचं मत आम्ही फॅनचं मत म्हणून बाजूला ठेवलं. हचिन्सनच्या बाबतीत ते थोडं फॅनचं होतंही. वॉकरच्या बाबतीत नव्हतं.

२०२४ साली लॉस एंजेलिस रॅम्सने एकाच कॉलेजमधले, फ्लोरिडा स्टेटचे, दोन नवखे बचावाच्या फळीत उभे केले. अ‍ॅरन डोनाल्ड, त्यांच्या फळीचा तोवरचा खांब, त्याच मार्चमध्ये निवृत्त झाला होता. १९ व्या क्रमांकाचा जॅरेड व्हर्स एजला आणि ३९ व्या क्रमांकाचा ब्रेडन फिस्क आत. फिस्कचे ८.५ सॅक झाले, त्या वर्षीच्या नवख्यांत सगळ्यात जास्त. व्हर्सचे ४.५. सर्वोत्तम नवखा बचावपटू ठरला व्हर्स. आमच्या लीगमध्ये यावर दोन आठवडे वाद चालला.

बाप-लेकाच्या संघाकडे मोसमाच्या मध्यावर दोघांपैकी एक घ्यायची संधी आली होती. या वेळी मला फोन आला नाही. नंतर एकदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा मुलाने वही दाखवली. दोन पानं होती, वर दोघांची नावं. जुन्या तीन खुणांच्या डाव्या बाजूला दोन नवे रकाने आखले होते: ‘काम काय दिलंय’ आणि ‘शेजारी कोण आहे’. फिस्कच्या पानावर दुसऱ्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक ओळीला व्हर्स लिहिलं होतं. त्यांनी व्हर्स घेतला होता.